एकदाच ऐकू येणारे इंग्रजी

चीनमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची एक देशव्यापी परीक्षा घेतली जाते. तिचे अधिकृत नाव ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’. महाराष्ट्रातल्या सीईटीशी तिचे आद्याक्षरांपलीकडे काहीही नाते नाही. ती प्रवेशपरीक्षा नव्हे. प्रवेश मिळाल्यावर, पदवीचा अभ्यास चालू असताना ती द्यायची असते, आणि इंग्रजी ज्यांचा मुख्य विषय नाही अशा विद्यार्थ्यांसाठी ती असते. इंजिनिअरिंग, वैद्यक, शेती, कायदा, हिशेब असे काहीही शिकणारा मुलगा किंवा मुलगी कधी ना कधी तिला बसतेच. तिच्या दोन पायऱ्या आहेत. १९८७ साली सुरू झालेल्या पहिल्या पायरीला ‘चौथी पातळी’ म्हणतात, १९८९ साली आलेल्या वरच्या पायरीला ‘सहावी पातळी’. जून आणि डिसेंबर महिन्यांतल्या एकेका शनिवारी सकाळी चौथी आणि दुपारी सहावी होते. वर्षाकाठी एक कोटीहून अधिक विद्यार्थी या बाकांवर बसतात.

परीक्षेचे एकूण गुण ७१०. त्यातले ३५ टक्के ऐकण्याला, ३५ टक्के वाचण्याला. उरलेले तीस टक्के निबंध आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर यांच्यात निम्मेनिम्मे वाटलेले. त्यामुळे तयारी म्हटली की ती मुख्यतः ऐकण्याची आणि वाचण्याची. वरून पाहता हे दोन वेगळे विभाग वाटतात. विद्यार्थ्यांच्या वह्या, त्यांचे हेडफोन आणि त्यांचे चुकलेले प्रश्न पाहिले तर दिसते की बहुतेकांची अडचण एकच आहे. शाळेत दहा-बारा वर्षे जे इंग्रजी शिकले ते डोळ्यांनी शिकले, आणि तेही सावकाश. परीक्षेत ते कानाने, वेगात आणि एकदाच ओळखायचे असते.

सकाळी नऊ ते अकरा वीस

चौथ्या पातळीच्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या इमारतींपुढे रांगा लागतात. हातात प्रवेशपत्र, ओळखपत्र, विद्यार्थी-कार्ड, टूबी पेन्सिल, काळे पेन, आणि गळ्यात हेडफोन. हा हेडफोन गाणी ऐकण्याचा नव्हे. बऱ्याच विद्यापीठांत ऐकण्याचा भाग एफएम लहरींवरून प्रसारित करतात आणि प्रत्येक उमेदवार आपापल्या रेडिओ-हेडफोनवर तो ऐकतो. आधी काही दिवस त्याच लहरीवर चाचणी-प्रसारण होते. त्या दिवसांत होस्टेलच्या दुकानांत हेडफोन आणि बॅटऱ्या यांचा खप वाढतो. वरच्या वर्गातली मुले नव्यांना बजावून सांगतात, नवी बॅटरी घाला आणि आपण ज्या खोलीत बसणार तिथे आवाज स्वच्छ येतो का ते आधीच पाहून ठेवा. काही ठिकाणी भिंतीवरचे स्पीकर असतात.

नऊ वाजता दार बंद होते. ९.१० ते ९.४० निबंध. निबंधाचा विषय प्रश्नपुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेला असतो, आणि पुस्तिका मात्र उघडायची नसते. ९.४० ला पुस्तिका उघडते आणि लगेच कानात आवाज सुरू होतो. पंचवीस मिनिटांत २५ प्रश्न होतात. १०.०५ ला पहिली उत्तरपत्रिका गोळा करतात. ऐकताना नुसती खूण करून ठेवली आणि वर्तुळे नंतर रंगवू म्हटले, तर ती राहूनच जातात, कारण ‘नंतर’ असे काही नसते. पाच मिनिटांच्या खंडानंतर ११.२० पर्यंत वाचन आणि भाषांतर.

शेजारच्या बाकावरचा प्रश्नसंच आपल्यासारखा असेलच असे नाही. डिसेंबर २०१२ पासून एकाच खोलीत वेगवेगळे संच वाटले जातात. कॉपीविरुद्धचा बंदोबस्त कडक आहे. नोव्हेंबर २०१५ पासून राष्ट्रीय परीक्षांत संघटितपणे कॉपी घडवून आणणे हा चीनच्या फौजदारी कायद्यात गुन्हा ठरला असून गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वीस टक्क्यांवरून पस्तीस

ही परीक्षा निघाली तेव्हा चीनला तांत्रिक इंग्रजी वाचता येणारे पदवीधर हवे होते. परदेशी यंत्रांची माहितीपुस्तके, संशोधनपत्रिका, करारांचे मसुदे वाचून समजले पाहिजेत, ही त्या काळाची निकड. परीक्षा घडवणाऱ्यांत अग्रणी होते शांघायच्या च्याओथोंग विद्यापीठातले यांग हुईझोंग. त्याच विद्यापीठात १९८०च्या दशकात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इंग्रजीचा सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह संगणकावर तयार झाला होता. कोणते शब्द किती वेळा येतात हे मोजून शिकवायचे शब्द ठरवायचे, हा विचार तिथे मूळ धरून होता.

तेव्हाच्या प्रश्नपत्रिकेत वाचनाला ४० टक्के आणि ऐकण्याला २० टक्के गुण होते. शिवाय व्याकरण आणि शब्दांवरचे स्वतंत्र पर्यायी प्रश्न होते. परिणाम व्हायचा तोच झाला. ऐकणे सोडून दिले तरी पास होता येते हे मुलांना कळले, आणि उत्तम गुणांचे प्रमाणपत्र असलेला पदवीधर परदेशी पाहुण्यापुढे गप्प बसू लागला. त्याला ‘मुके इंग्रजी’ असे नाव पडले. वर्तमानपत्रांत आणि सरकारी बैठकांत या तक्रारीवर बरीच चर्चा झाली. २००६ मध्ये काही विद्यापीठांत आणि २००७ पासून सर्वत्र नवी रचना आली. व्याकरणाचे सुटे प्रश्न गेले, ऐकण्याचा वाटा ३५ टक्के झाला. या एका बदलाने वसतिगृहांतल्या अभ्यासाचे वळण बदलले. आजची सगळी तयारी त्या पंधरा टक्क्यांच्या वाढीतून निघाली आहे असे म्हटले तरी चालेल.

७१० हा आकडाही परक्याला चमत्कारिक वाटतो. मूळ नमुना-गटाची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन ७० धरून गुण या मापावर बसवतात. सरासरीच्या वर तीन विचलने म्हणजे ७१०, खाली चार म्हणजे २२०. उमेदवाराने किती प्रश्न बरोबर सोडवले यापेक्षा तो त्या गटाच्या तुलनेत कुठे उभा आहे हे त्यातून कळते.

शब्दांचे पुस्तक

तयारीची सुरुवात जवळजवळ सगळीकडे शब्दांनी होते. चौथ्या पातळीला साधारण साडेचार हजार शब्द लागतात. त्यातले बरेचसे शाळेत झालेले असतात, उरलेले पाठ करायचे. खिशात मावणारी शब्दांची पुस्तके प्रत्येक विद्यापीठाच्या दुकानात असतात. ती वर्णानुक्रमे लावलेली असतील तर पहिल्या पानावर ‘अबॅन्डन’ येतो. पहिली दोन-तीन पाने झिजलेली आणि पुढची कोरी, अशी पुस्तके प्रत्येक होस्टेलात सापडतात. म्हणून शिक्षक आता क्रम मोडलेल्या याद्या घ्यायला सांगतात, किंवा मागील प्रश्नपत्रिकांत किती वेळा आला त्या क्रमाने लावलेले शब्द.

पुस्तकाची जागा आता बरीचशी मोबाइलने घेतली आहे. ‘बायत्सजान’सारख्या ॲपवर शब्दासोबत चित्र येते. इतर काही ॲप विसरण्याच्या वेगाचा हिशेब ठेवतात. आज पाहिलेला शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा समोर आणतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडलेली विस्मरणाची रेषा अशा रीतीने कोट्यवधी खिशांत पोहोचली आहे. रोजचे शब्द झाले की ‘आज हजर’ अशी नोंद मित्रांच्या गटात टाकायची प्रथा आहे, आणि सलग शंभर दिवस ती मोडू न देण्याची चढाओढ लागते.

मात्र ॲपवरच्या मुलांपैकी अनेकांची एक मोठी चूक होते. ती आवाज बंद ठेवून शब्द पाठ करतात. लायब्ररीत, वर्गात, बसमध्ये आवाज करता येत नाही हे खरेच, पण अशा पाठांतराने शब्दाचे स्पेलिंग आणि चिनी अर्थ एवढीच जोडी मनात बसते. शब्दाचा ध्वनी मनात तयारच होत नाही. मग तोच शब्द हेडफोनमधून आला की अनोळखी वाटतो, आणि लेखी रूप समोर धरले की विद्यार्थी कपाळावर हात मारून घेतो.

कानाला न सापडणारे शब्द

हे का होते ते समजून घ्यायला चिनी भाषेच्या ध्वनिरचनेकडे पाहावे लागते. प्रमाण चिनीत सूर वगळले तर जेमतेम चारशे अक्षरे आहेत. अक्षराच्या शेवटी स्वर येतो, किंवा ‘न’ आणि ‘ङ’ हे अनुनासिक, किंवा क्वचित ‘र’सारखा ध्वनी. अक्षराअखेर ‘क’, ‘प’, ‘ट’, ‘ड’ येतच नाहीत. दोन व्यंजनेही एकमेकांना चिकटून येत नाहीत. मराठी माणसाला ‘शास्त्र’, ‘वस्त्र’, ‘स्त्री’ म्हणण्याची लहानपणापासून सवय असते, त्यामुळे ‘स्ट्रीट’ किंवा ‘आस्क्ड’ ऐकताना जोडाक्षराची अडचण येत नाही. चिनी कानाला मात्र शब्दाच्या टोकाची व्यंजने सहज निसटतात. ‘वर्क’ आणि ‘वर्क्ड’ यांतला फरक गेला की भूतकाळ गेला. ‘कॅप’, ‘कॅब’ आणि ‘कॅट’ एकाच धुक्यात दिसेनासे होतात. सिचुआन आणि हुबेइ भागांतल्या अनेकांच्या बोलीत ‘न’ आणि ‘ल’ यांची सरमिसळ असते, त्यांना ‘नाइट’ आणि ‘लाइट’ वेगळे ऐकणे हेच एक काम होऊन बसते.

दुसरी अडचण लयीची. चिनीत प्रत्येक अक्षराला आपला सूर आणि जवळपास सारखी जागा असते. इंग्रजी बोलणारा मात्र महत्त्वाचे शब्द ठासून उच्चारतो आणि ‘टु’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘कॅन’ असे शब्द गिळून टाकतो. अमेरिकन आवाजात ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ बऱ्याचदा ऐकूच येत नाही. तिथे होकार-नकाराचा फरक फक्त स्वराच्या जोरावरून ओळखायचा असतो. त्यात शब्द एकमेकांत मिसळतात. ‘नॉट ॲट ऑल’ हे तीन शब्द ‘नॉटॅटॉल’ असे एकच होऊन येतात. डोळ्यांनी शिकलेल्या विद्यार्थ्याला शब्दांमध्ये मोकळी जागा असते असे वाटत असते. ती जागा छापलेल्या पानावर असते, बोलण्यात नसते.

आकडे हे तिसरे संकट. चिनी मोजणी दहा हजारांच्या एककाने चालते. ‘थर्टी थाउजंड’ ऐकले की मनात त्याचे ‘तीन दसहजार’ करावे लागते, ‘मिलियन’ म्हणजे शंभर दसहजार. लाख-कोटीत विचार करणाऱ्या मराठी वाचकाला ही कसरत परिचयाची आहे. ती करण्यात दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात बातमीचे पुढचे वाक्य निघून जाते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ची जुनी फसगत तर आहेच.

आणि हे सगळे एकदाच ऐकू येते. विद्यापीठ-प्रवेशाच्या ‘काओखाओ’ परीक्षेतही इंग्रजी ऐकण्याचे प्रश्न असतात, पण प्रचलित राष्ट्रीय नमुन्यात सुरुवातीचे छोटे संवाद सोडले तर बाकीचे दोनदा ऐकवतात. पहिल्या वेळी अंदाज, दुसऱ्या वेळी खात्री, अशी सवय लागलेला विद्यार्थी विद्यापीठात येतो आणि दुसरी वेळ नाहीशी होते. मिनिटाला साधारण १२० ते १४० शब्दांचा वेग असतो. सहाव्या पातळीला तो आणखी वाढतो आणि व्याख्याने येतात.

एका मिनिटाच्या बातमीला एक तास

यावर चिनी कॅम्पसवर जी रीत रूढ झाली आहे तिला ‘बारीक ऐकणे’ म्हणता येईल. ती कष्टाची आहे, आणि खरोखर उपयोगाची आहे.

विद्यार्थी मागच्या एखाद्या परीक्षेतली बातमी घेतो. ती मिनिटभराची, शंभर-दीडशे शब्दांची असते. आधी ती सलग ऐकून परीक्षेतल्यासारखी उत्तरे देतो. मग पुन्हा सुरू करून एकेका वाक्याला थांबवतो आणि ऐकू आले ते शब्दशः लिहितो. न कळलेल्या जागी रेघ. वाक्य पुन्हा ऐकतो, रेघेच्या जागी काही भरते का पाहतो. तीन-चार वेळा ऐकूनही रेघ राहिली तर तशीच ठेवतो. सगळी बातमी झाली की छापील संहिता काढून लाल पेनाने पडताळणी करतो. खरा अभ्यास इथून पुढे आहे. प्रत्येक लाल खुणेपुढे कारण लिहायचे: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण ध्वनी ओळखला नाही, दोन शब्द जोडून आले, की शब्द सगळे कळले आणि वाक्याची रचना हातून सुटली. काही आठवड्यांत वहीवरून कळते की या माणसाचे दुखणे नेमके कुठे आहे. अनेकांच्या वहीत दुसऱ्या प्रकारच्या खुणा सर्वांत जास्त निघतात. शब्द आपलेच, तरी अनोळखी.

त्यानंतर संहिता हातात धरून आवाजाच्या पाठोपाठ, त्याच वेगात मोठ्याने वाचायचे. जिथे बोलणाऱ्याने शब्द गिळला तिथे आपणही गिळायचा. ज्याने ‘नॉटॅटॉल’ स्वतःच्या तोंडाने पाच वेळा म्हटले आहे त्याला ते पुढच्या वेळी ऐकू येते. म्हणून सकाळी सात वाजता विद्यापीठांतल्या झाडांखाली, तळ्याकाठी, इमारतींच्या जिन्यांत मुले एकटी उभी राहून मोठ्याने इंग्रजी बोलताना दिसतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी अनेक ठिकाणी हे प्रातर्वाचन सक्तीचे असते. डिसेंबरच्या परीक्षेआधी हार्बिनसारख्या उत्तरेकडच्या शहरात पारा शून्याच्या बराच खाली असतो, तिथे ही मुले गरम केलेल्या इमारतींच्या व्हरांड्यांत सरकतात.

या कामाची साधने बदलत गेली आहेत. १९८२ मध्ये बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका चीनच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा घरात टीव्ही असलेल्या शेजाऱ्याकडे गर्दी व्हायची. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे सोप्या शब्दांतले, संथ गतीचे प्रसारण १९५९ पासून होते. सुमारे पंधराशे शब्दांच्या मर्यादेतले ते इंग्रजी चिनी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकले. १९९०च्या दशकाअखेर कॅसेटवरचे काही सेकंद पकडून पुन्हा पुन्हा वाजवणारे छोटे यंत्र आले आणि शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसले. आज तेच काम मोबाइल करतो, वेगही कमी-जास्त होतो. वेग कमी करण्याच्या सोयीबद्दल शिक्षकांत मतभेद आहेत. यंत्राने संथ केलेल्या बोलण्यात विचार करायला वेळ मिळतो, मात्र परीक्षेत जो वेग सोसायचा आहे त्याची सवय त्याने होत नाही. मूळ वेगातच ऐकून थोडीच वाक्ये पकडणे जास्त फळते, हे त्यांतल्या अनुभवी शिक्षकांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

२०१६ पर्यंत परीक्षेत ऐकून गाळलेले शब्द लिहिण्याचा प्रश्न होता. त्या जूनपासून तो गेला, छोटे संवादही गेले आणि चौथ्या पातळीत बातम्या आल्या. लिहिण्याचा प्रश्न गेला तरी विद्यार्थ्यांनी सरावातले लिहिणे सोडले नाही. पर्यायावर खूण करताना अंदाज चालून जातो, वहीत शब्द लिहिताना तो चालत नाही.

पर्यायांवर नजर

बारीक ऐकण्याच्या जोडीला युक्त्यांचा भाग असतोच. प्रश्नपुस्तिकेत ऐकण्याचे प्रश्न छापलेले नसतात, फक्त चार-चार पर्याय असतात. प्रश्नही कानानेच ऐकायचा. म्हणून सूचना वाचल्या जात असताना पर्यायांवरून नजर फिरवायची आणि विषय काय असेल ते ताडायचे, हे पहिले शिक्षण. चारही पर्यायांत क्रियापदाने सुरुवात असेल तर कोणीतरी काहीतरी करणार आहे, चारही ठिकाणी गावे असतील तर स्थळ विचारले जाणार. प्रश्नांचा क्रम सहसा मजकुराच्याच क्रमाने जातो. ‘पण’, ‘तरीही’, ‘खरे कारण असे की’ अशा वळणांनंतरचे वाक्य घट्ट धरायचे.

गुणांची वाटणीही विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. तीन बातम्यांवरचे सात आणि दोन लांब संवादांवरचे आठ प्रश्न प्रत्येकी ७.१ गुणांचे, शेवटच्या तीन उताऱ्यांवरचे दहा प्रश्न प्रत्येकी १४.२ गुणांचे. दुप्पट मोलाचे प्रश्न कान थकल्यावर येतात. एखादा प्रश्न सुटला तर त्याचा शोक करत बसू नये, कारण पुढचा त्याहून महाग आहे, असे प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. युक्त्यांचा उपयोग इथवर आहे. ज्याला वाक्यातले निम्मे शब्द ऐकूच आले नाहीत त्याला पर्याय आधी वाचून फार काही मिळत नाही, आणि नुसत्या युक्त्यांचे क्लास भरवणारे ही गोष्ट पुरेशा स्पष्टपणे सांगत नाहीत.

चाळीस मिनिटांचे वाचन

वाचनाला चाळीस मिनिटे दिली आहेत आणि तीन प्रकारची कामे. पहिल्यात सुमारे अडीचशे शब्दांच्या उताऱ्यातल्या दहा गाळलेल्या जागा पंधरा शब्दांतून निवडून भरायच्या. प्रत्येक जागा ३.५५ गुणांची. दुसऱ्यात हजारेक शब्दांचा लांब लेख आणि त्याखाली दहा विधाने, कोणते विधान कोणत्या परिच्छेदातले ते ओळखायचे. प्रत्येकी ७.१. तिसऱ्यात तीनेकशे शब्दांचे दोन उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, प्रत्येकी १४.२. शेवटच्या भागातला एक प्रश्न पहिल्या भागातल्या चार जागांइतका जड. साहजिकच बहुतेक शिक्षक शेवटचा भाग आधी, लांब लेख मग, आणि गाळलेल्या जागा सर्वांत शेवटी करायला सांगतात.

गाळलेल्या जागांसाठी पंधरा शब्दांची आधी जातवार विभागणी करतात: नामे इकडे, क्रियापदे तिकडे, विशेषणे आणि क्रियाविशेषणे वेगळी. चिनीत शब्दाला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलत नाही, म्हणून ‘-एड’, ‘-इंग’, ‘-ली’ ही शेपटे पाहून शब्दाची जात ओळखणे हा स्वतंत्र सराव असतो. लांब लेखात विधाने परिच्छेदांच्या क्रमाने नसतात आणि मूळ वाक्य नव्या शब्दांत सांगितलेले असते. विधाने आधी वाचून त्यातली विशेषनामे, साल, आकडे यांखाली रेघ ओढायची आणि मग लेखात शोध घ्यायचा.

वाक्यरचना हा वाचनातला खोल खड्डा. चिनीत विशेषणाचा पसारा नामाच्या आधी येतो. ‘काल गावाहून आलेला माणूस’ ही मराठी रचना चिनी माणसाला सरळ वाटेल. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि ‘जो काल गावाहून आला’ हे मागून लटकते. अशी दोन-तीन शेपटे एकात एक अडकली की विद्यार्थी वाक्याच्या शेवटी जाऊन परत मागे येतो आणि मनातल्या मनात चिनी क्रम लावतो. या मागेपुढे जाण्यात वेळ जातो.

तो वेळ मोजून पाहण्यासारखा आहे. महाविद्यालयीन इंग्रजीच्या २००७ च्या सरकारी अभ्यासक्रम-अपेक्षांत मूलभूत पातळीसाठी वाचनाचा वेग मिनिटाला ७० शब्द आणि भरभर वाचताना १०० शब्द धरला आहे. त्याच कागदावर ऐकण्याचा वेग १३० ते १५० आहे. तीनही भागांतले उतारे मिळून सुमारे १,९०० शब्द होतात. मिनिटाला ७० शब्दांनी नुसते वाचायलाच सत्तावीस मिनिटे लागतात, तीस प्रश्नांचा विचार करायला तेरा उरतात. आणि जो मिनिटाला ७० शब्द वाचून समजू शकतो, त्याला दुप्पट वेगाने ऐकून समजावे अशी अपेक्षा आहे. मागे जाऊन वाक्य जुळवण्याची मुभा कानाला मुळीच नाही. इथे दोन्ही विभाग एकमेकांना मिळतात. ज्याला वाक्य आले त्या क्रमाने, मागे न फिरता वाचता येऊ लागते त्याचे ऐकणेही सुधारते. पाठोपाठ मोठ्याने वाचण्याचा सराव म्हणून दोन्हीकडे लागू पडतो, कारण आवाज पुढे जात राहतो आणि डोळ्याला त्याच्यासोबत जावे लागते.

क्लासचा बाजार

या तयारीच्या क्लासांची गोष्ट यू मिनहोंग यांच्यापासून सांगता येते. त्यांना विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा अपयश आले, तिसऱ्या खेपेला १९८० मध्ये ते पेकिंग विद्यापीठात गेले. १९९३ मध्ये त्यांनी बीजिंगमध्ये ‘न्यू ओरिएंटल’ हा क्लास काढला. तो वाढत वाढत २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदला गेला. परदेशी जाणाऱ्यांच्या परीक्षांबरोबर चौथी-सहावी पातळीही तिथे शिकवत. २०२१ मध्ये सरकारने शालेय शिकवण्यांवर कडक बंधने आणली आणि या धंद्याचा मोठा भाग कोसळला. त्यानंतर कंपनीने शेतमाल विकण्याचे थेट प्रक्षेपण सुरू केले, आणि जून २०२२ मध्ये तिथला डोंग युहुई हा इंग्रजीचा शिक्षक तांदूळ आणि मांस विकताना इंग्रजी शब्द समजावून सांगू लागला, तेव्हा देशभर लोक तो कार्यक्रम पाहत बसले. इंग्रजी शिकवणे चिनी मध्यमवर्गाच्या आयुष्यात किती आत गेले आहे ते त्यावरून कळते.

महाविद्यालयीन परीक्षांची शिकवणी त्या बंधनांत आली नाही. विद्यार्थ्यांचा मुख्य खर्च मात्र क्लासवर होत नाही, मागच्या परीक्षांच्या प्रश्नसंचांवर होतो. खऱ्या प्रश्नपत्रिका सोडवणे हाच तयारीचा कणा मानतात. कोणीतरी रचलेल्या नमुना-प्रश्नांपेक्षा त्यांना जास्त मान आहे, आणि तो योग्य आहे, कारण पर्याय रचण्याची जी हातोटी खऱ्या परीक्षकांकडे असते ती गाइडांमध्ये उतरत नाही.

मागच्या बाकावरून

सगळे विद्यार्थी एका जागेवरून निघत नाहीत. क्वांगतोंग प्रांतात २०११ पासून प्रवेशपरीक्षेत संगणकावर ऐकण्या-बोलण्याची चाचणी आहे. बीजिंगमध्येही २०२१ च्या प्रवेशापासून अशी चाचणी सुरू झाली. तिथली मुले कान तयार करूनच विद्यापीठात येतात. याउलट हनानसारख्या प्रचंड लोकसंख्येच्या प्रांतात ऐकण्याचे गुण बरीच वर्षे प्रवेशाच्या एकूण गुणांत धरलेच जात नसत. ज्याला गुण नाहीत ते खेड्यातल्या शाळेत कोण शिकवणार? अशा शाळेतून, कष्टाने, व्याकरण आणि वाचनाच्या बळावर वर आलेला विद्यार्थी विद्यापीठात शांघायच्या मुलाशेजारी बसतो आणि हेडफोन लावल्यावर दोघांतले अंतर कळते. तिबेटी, उइगुर किंवा मंगोल घरांतल्या मुलांना चिनी ही दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी, तरी भाषांतराचा प्रश्न चिनीतूनच असतो. बारीक ऐकण्याची रीत या मुलांच्या सर्वांत जास्त कामी येते. तिला मोबाइल, वही आणि रोजचा तास एवढेच लागते, महागडा शिक्षक लागत नाही.

४२५

निकाल दोन महिन्यांनी लागतो, डिसेंबरचा फेब्रुवारीअखेर आणि जूनचा ऑगस्टअखेर. २००५ च्या सुधारणेपासून ‘उत्तीर्ण’ असे प्रमाणपत्र देत नाहीत, विभागवार गुणांचे पत्रक देतात. तरीही ४२५ हा आकडा सगळ्यांच्या मनात रेघ म्हणून कायम आहे. चौथ्या पातळीत ४२५ मिळाल्याशिवाय सहाव्या पातळीला बसता येत नाही, आणि नोकरीच्या जाहिरातींतही हाच आकडा मागतात. पूर्वी पुष्कळ विद्यापीठांत ही रेघ ओलांडल्याशिवाय पदवीच देत नसत. हा दंडक हळूहळू सैल होत गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये शीआन च्याओथोंग विद्यापीठाने पदवीशी या परीक्षेचा संबंध राहणार नाही असे जाहीर केले तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

बोलण्याची परीक्षा १९९९ पासून वेगळी आणि ऐच्छिक आहे. ती न देताही गुणपत्रक मिळते, आणि बहुसंख्य विद्यार्थी ती देत नाहीत. म्हणजे ऐकण्याचा वाटा वाढवून जे मुकेपण घालवायचे होते त्यातला ऐकण्याचा अर्धा भाग सुटला, बोलण्याचा अर्धा अजून बाकी आहे. गुण कमी पडले तर पुन्हा बसता येते, वाढवण्यासाठीही बसता येते. शुल्क प्रांताप्रमाणे तीस युआनच्या आसपास असते. अट एकच, विद्यार्थी म्हणून नाव विद्यापीठाच्या पटावर असले पाहिजे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला ही परीक्षा देता येत नाही.